अँटेनाचा पाइप कोणी धरायचा

मित्रांनो, मी एक जुना अँटेना आहे. अँटेना म्हणजे काय हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसेल, म्हणून सांगतो. पूर्वी टीव्हीवरचं चित्र केबलमधून येत नसे, हवेतून येत असे. ते पकडायला गच्चीवर लोखंडी पाइप उभा करून त्याच्या टोकाला अॅल्युमिनियमच्या आडव्या दांड्यांचा सांगाडा बसवायचे. माशाचा काटा उभा करून ठेवावा तसा. तो मी. चित्र पकडायचं मी, आणि कौतुक खाली दिवाणखान्यात लेसचं कापड पांघरून बसलेल्या त्या खोक्याचं.

मी गोड बोलणार नाही. आत्मवृत्त सांगायला बसले की सगळे गोड बोलतात. मोडकी छत्री बोलते, फाटकं पुस्तक बोलतं, म्हातारा बैलसुद्धा 'तुमची सेवा करण्यात धन्यता वाटली' म्हणून डोळे पुसतो. मला कसलीही धन्यता वाटलेली नाही. मी उंचावर उभा होतो, मला सगळं दिसत होतं, आणि जे दिसलं ते बघून माझ्या मनात माणसांबद्दल फारसा आदर उरला नाही. का उरला नाही ते ऐका.

माझा जन्म ठाण्याचा. वागळे इस्टेटीत पत्र्याची एक शेड होती. तिथे नळ्या कापून, भोकं पाडून, स्क्रू पिळून आम्हाला तयार करायचे. करणाऱ्यांच्या स्वतःच्या घरी टीव्ही नव्हता, ते रेडिओ लावून काम करायचे. रंगीत टीव्हीचं वेड आलं तशी आमची पैदास वाढली. मला इतर भावंडांबरोबर सुतळीने बांधून टेम्पोत टाकलं आणि डोंबिवलीच्या एका दुकानात आणून उतरवलं. तिथून मला श्रीपाद आगाशे नावाच्या गृहस्थांनी उचललं. उचललं म्हणजे हमालाने उचललं, आगाशे पुढे चालत होते.

आगाशे बँकेत अधिकारी आणि सोसायटीचे सेक्रेटरी. बोलणं स्वच्छ, पुणेरी, आणि प्रत्येक वाक्य असं की जणू समोरच्याने ते लिहून घ्यायला हवं. त्यांची सोसायटी डोंबिवली पूर्वेला. नाव ज्ञानदीप. जिन्यातला दिवा मी आलो त्या दिवशी गेलेला होता, आणि मला उतरवलं त्या दिवशीही गेलेलाच होता. गच्चीवर पाण्याच्या टाकीला क्लॅम्प मारून माझा पाइप उभा केला आणि तोंड मुंबईकडे वळवलं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला एमआयडीसीच्या चिमण्या. सकाळी खाडीचा वास यायचा, दुपारी कसल्याशा केमिकलचा, आणि संध्याकाळी दोन्ही एकदम.

सुरुवातीला माझं कौतुक झालं, नाही असं नाही. लोक गच्चीवर येऊन मान वर करून बघायचे. आगाशे म्हणायचे, "मुंबईचा टॉवर सरळ पकडतो." मीही त्या वयात फुशारलो. मग सवय झाली. माझ्यावर कावळे बसले, पतंग अडकले. आगाशांच्या रमाबाईंनी माझ्या पाइपाला दोरी बांधून धुणं वाळत घातलं. रविवारी सकाळी टीव्हीवर देवांची मालिका लागायची, तेव्हा खाली लोक चपला बाहेर काढून बसायचे. टीव्हीला हळदकुंकू, टीव्हीला हार, टीव्हीसमोर उदबत्ती. देव माझ्यातून उतरून खाली जात होते हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मला हार नकोच होता. पण माणूस किती आंधळा असतो ते तेव्हा कळलं.

वारा सुटला की माझा क्लॅम्प सैल व्हायचा, मी जरा वळायचो आणि खाली पडद्यावर मुंग्या यायच्या. पडदाभर पांढरे काळे ठिपके वळवळले की त्याला मुंग्या म्हणायचे. मग कोणीतरी गच्चीवर येऊन मला फिरवायचं. आणि ते कोणीतरी कायम एकच असायचं. मालन.

मालन शेवटच्या मजल्यावर राहायची, गच्चीच्या दाराला लागून. तेवढाच तिचा गुन्हा. नवरा उत्तम फॅक्टरीत फिटर. त्यांच्याकडे टीव्ही नव्हता, ते आगाशांकडे बघायला जायचे. उत्तम आत सतरंजीवर बसायचा आणि मालन दारात उभी राहायची, कारण मध्येच हाक येणार हे तिलाही माहीत होतं. हाक आली की ती वर, जिन्यात कोणीतरी निरोप पोचवायला, आणि खाली आगाशे.

"आलं का?"

"नाही. जरा ठाकुर्लीकडे फिरव."

"आता?"

"फार झालं गं, दिव्याकडे आण. थोडंसं. बस, बस. आता हात काढ."

हात काढला की परत मुंग्या. असं चालायचं. दिशा आम्हाला पूर्व-पश्चिम अशा माहीतच नव्हत्या, डोंबिवलीच्या दोन अंगांची स्टेशनं, ठाकुर्ली आणि दिवा, एवढ्याच दोन. क्रिकेट असलं तर मालनला अर्धा अर्धा तास माझा पाइप धरून उभं राहावं लागायचं. खाली आरडाओरडा झाला की ती विचारायची, "काय झालं?" आणि जिन्यातून उत्तर यायचं, "धरून ठेव, सांगतो नंतर." नंतर कोणी सांगायचं नाही.

मला तिचाही राग यायचा, खोटं कशाला बोलू. एकदा तरी नाही म्हण, असं वाटायचं.

मालन एमआयडीसीत चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात कामाला होती. संध्याकाळी कपडे काढायला वर यायची तेव्हा तिच्या नखांत काच घासायच्या पॉलिशची गुलाबी पावडर असायची. ती शेजारणींना सांगायची, काच घासायला दिवस जातो आणि टेम्पोत घालून ठाण्याला पाठवली की एका खड्ड्यात तडा जातो. त्याचं तिला फार लागायचं. तिच्या हातची काच फुटली की त्या दिवशी ती कपड्यांच्या चिमट्यांवरसुद्धा राग काढायची.

आता आगाशांचं मंडळ. आगाशांनी सोसायटीत एक खगोल मंडळ काढलं होतं. मंडळाला रबरी शिक्का होता, अध्यक्ष होते, उपाध्यक्ष होते. दुर्बीण नव्हती. महिन्यातून एकदा गच्चीवर भाषण व्हायचं. आकाश वर उघडं पसरलेलं, आणि ही माणसं त्याच्याकडे पाठ करून आगाशांच्या तोंडाकडे बघत बसायची. नव्वद सालच्या उन्हाळ्याच्या तोंडावर आगाशांनी अमेरिकेच्या हबल दुर्बिणीवर भाषण दिलं. ही दुर्बीण यानात घालून आकाशात नेऊन सोडणार, तिच्यात माणसापेक्षा उंच आरसा आहे, तो कित्येक महिने घासला आहे, वगैरे.

मालन कपडे काढायला आली होती. ती टाकीजवळ थांबली.

"काका, काय घासला म्हणालात?"

"आरसा गं. काचेचा. त्याच्यावर मुलामा देतात."

"आणि तो त्या अग्निबाणावर ठेवणार? खाली आग लावून?"

"हो, म्हणजे तसंच काहीसं."

"वर पोचेपर्यंत फुटला तर?"

सगळे हसले. आगाशेही हसले आणि म्हणाले, "अगं, ते अमेरिकन आहेत, आपले टेम्पोवाले नव्हेत." पुन्हा हसू. प्रश्नाचं उत्तर मात्र एकानेही दिलं नाही, कारण कोणालाच येत नव्हतं. आगाशांनी घाईघाईने पुढचा मुद्दा घेतला.

मालनने कपड्यांचा ढीग छातीशी धरून, भाषणाला आलेल्या शेजारच्या चाळीतल्या लुर्दसबाईंना सांगितलं, "टीचर, मला ते जाताना बघायचंय. एवढी घासलेली काच कोणी आगीवर बसवून वर पाठवतं, ती धड जाते का बघायचंय मला." लुर्दसबाई ठाण्याच्या कॉन्व्हेंटमधून रिटायर झालेल्या शिक्षिका. गुडघ्याने आजारी आणि तोंडाने ठणठणीत. त्या म्हणाल्या, "बघ ना बाय. कोण तुला अडवतो?"

कोण अडवतो ते आता सांगतो.

उड्डाण संध्याकाळच्या बातम्यांत दाखवतील असं धरून मंडळाने गच्चीवर कार्यक्रम ठरवला. आगाशांचा टीव्ही वर आणायचा, खुर्च्या मांडायच्या. प्रमुख पाहुणे दौलतशेठ. दौलतशेठ प्लॉट पाडून विकायचे. खुर्च्या त्यांच्या, म्हणून पाहुणे ते. एप्रिलच्या सुरुवातीला एकदा हे सगळं झालं. मालन हाफ डे टाकून आली. पण बातम्यांत सांगितलं की काहीतरी बिघाड निघाला, उड्डाण पुढे ढकललं. उड्डाण रद्द झालं, सत्कार रद्द झाला नाही. शाल, श्रीफळ आणि तासभर भाषणं झाली. मालन खुर्च्या आवरून घरी गेली.

पंधरवड्याने पुन्हा तारीख आली. पुन्हा कार्यक्रम, पुन्हा दौलतशेठ, पुन्हा शाल. आणि या खेपेला एक नवीन गोष्ट. कापडी फलक. चांगला लांबरुंद, पेंटरकडून रंगवून आणलेला. त्यावर दौलतशेठ यांचं नाव ठळक लाल अक्षरांत आणि 'हार्दिक स्वागत'. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत दुर्बिणीचा उल्लेख. बाजूला अग्निबाणाचं चित्र, ते पडवळासारखं दिसत होतं. हा फलक कुठे बांधायचा यावर बराच वेळ चर्चा झाली. पाहुण्यांना बसल्या जागेवरून आपलं नाव दिसलं पाहिजे. शेवटी आगाशांनी एक टोक जिन्याच्या खिडकीच्या गजाला आणि दुसरं टोक माझ्या पाइपाला बांधायला सांगितलं.

मित्रांनो, तुम्ही होडीचं शीड बघितलं असेल. खाडीवरचा वारा संध्याकाळी सुटतो हे डोंबिवलीत राहणाऱ्या कुत्र्यालाही माहीत आहे. खगोल मंडळाला माहीत नव्हतं. वाऱ्याने फलक फुगला आणि मला ओढायला लागला. टाकीवरचा क्लॅम्प करकरला. मी धरून होतो, जमेल तेवढा वेळ.

माझ्या पायाशी गच्चीवर समईचा कार्यक्रम चालला होता. वात पेटायची, विझायची. मग प्रास्ताविक, स्वागतगीत, सत्कार. दौलतशेठ बोलायला उभे राहिले. "विज्ञानाचा आणि माझा फार जुना संबंध आहे," ते म्हणाले, आणि संबंध काय ते सांगता न आल्यामुळे कल्याण-शीळ रस्त्यावरच्या आपल्या नव्या प्लॉटबद्दल बोलू लागले. टीव्हीवर बातम्या सुरू झाल्या तरी ते बोलतच होते. आगाशे घड्याळाकडे बघायचे आणि मान डोलवायचे. थांबा म्हणायची हिंमत नव्हती. ते बसले तेव्हा टाळ्या वाजल्या, सगळे टीव्हीकडे वळले, आणि त्याच वेळी माझा क्लॅम्प सुटला. मी फलकाच्या ओढीने ठाकुर्लीकडे वळलो. पडदाभर मुंग्या.

"मालन," आगाशे म्हणाले. मागे वळूनही बघितलं नाही.

मालन त्या दिवशी पहिल्यांदा बसली होती. चांगली दुसऱ्या रांगेत, लुर्दसबाईंच्या शेजारी, साडी बदलून. ती म्हणाली, "काका, मी बसलेय आज."

"अगं, तुलाच जमतं ते."

"पाइप फिरवायला काय जमायचंय?"

उत्तम पुढच्या रांगेतून म्हणाला, "अगं जा ना, दोन मिनिटांचं काम. सगळे थांबलेत."

सगळे थांबलेत. हे तिच्या नवऱ्याचं बोलणं. तो पाइपापासून तिच्याहून जवळ बसला होता.

ती उठली. सवयीने उठली, हे मी बघितलं. तिने मला दोन्ही हातांनी धरून दिव्याकडे वळवलं आणि चित्र आलं. "बस, तसंच धर," चारपाच आवाज एकदम आले. तिने हात सैल केले की फलक मला ओढायचा. सोडून चालत नव्हतं. आणि मी उभा होतो टीव्हीच्या मागे. तिच्या समोर टीव्हीची काळी पाठ, आणि पलीकडे लोकांची उजळलेली तोंडं.

"काका, तो कपडा काढा ना. त्यानंच ओढतंय."

आगाशे पुढे वाकून हळू आवाजात म्हणाले, "अगं, पाहुण्यांचं नाव आहे त्याच्यावर. ते बसलेले असताना काढतात का? बरं दिसतं का ते?"

"मग कोणीतरी धरा. बातमी झाली की मी परत धरते."

कोणी हललं नाही. एकाने पाय पोटाशी घेतले. दुसरा बुटाची नाडी बांधायला लागला. मंडळाचे उपाध्यक्ष म्हणाले, "शू, आता येतंय, आता येतंय." दौलतशेठ आपल्या नावाकडे बघत होते. वाऱ्यावर ते छान फडफडत होतं.

निवेदिकेने अवकाश दुर्बिणीचं नाव घेतलं. लोक खुर्च्यांच्या टोकावर आले. आणि मालनने मला सोडलं.

हळूच सोडलं. झिडकारलं वगैरे नाही. पदराला हात पुसले, टाकीला वळसा घालून पुढे आली आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. मी भर्रकन ठाकुर्लीकडे गेलो. पडद्यावर मुंग्या, आणि मुंग्यांमधून फक्त आवाज. काहीतरी गडगडत होतं, लांबून.

"अगं, सोडलंस कशाला!" आगाशे ओरडले.

"मी पण बघायला आलेय. ज्याला बघायचंय त्यानं धरावं."

"डोकं फिरलंय का तुझं?" उत्तम उभा राहून म्हणाला.

"उभाच राहिलायस तर धर जाऊन."

तो बसला. मी हे कधी विसरणार नाही. धरायला सांगितल्यावर तो खाली बसला.

लुर्दसबाई म्हणाल्या, "शेठ, तुम्ही धरा की. तुमचंच नाव लटकलंय त्याला." दौलतशेठ हसले आणि आगाशांकडे बघितलं. आगाशांनी उपाध्यक्षांकडे बघितलं. उपाध्यक्षांनी उत्तमकडे बघितलं. लुर्दसबाई स्वतः खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायला लागल्या, पण गुडघा त्यांना उठू देईना. एवढी धडधाकट माणसं तिथे बसली होती, प्रत्येकाला ते उड्डाण बघायचं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याने उठावं. उठून धरणाऱ्याला दिसलं नसतं, बाकी सगळ्यांना दिसलं असतं. म्हणून सगळ्यांनी मुंग्या बघितल्या. मला त्या क्षणी या लोकांची जी किळस आली तिला शब्द नाही. मुंबईच्या टॉवरपासून ते चित्र माझ्यापर्यंत आलं होतं, आणि मी तोंड फिरवून उभा होतो.

गडगडाट थांबला. निवेदिका कुठल्याशा मंत्र्याच्या दौऱ्याबद्दल बोलू लागली.

मग सगळ्यांना वाचा फुटली. अख्ख्या सोसायटीचं नुकसान केलंन. पाहुण्यांसमोर शोभा केली. बायकांना कशाला बोलवायचं. मालन एवढंच म्हणाली, "नऊच्या बातम्यांत परत दाखवतील. तेव्हा धरा." तिचंही बघायचं राहिलंच होतं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

लुर्दसबाईंनी तिचा दंड धरला. "चल माझ्याकडे. माझा टीव्ही लहान आहे, ब्लॅक अँड व्हाइट. पण त्याच्या डोक्यावरच अँटेनाच्या दोन मिशा आहेत, त्याला कोणी धरावं लागत नाही."

दोघी एकेक पायरी करत अंधारा जिना उतरून गेल्या.

नऊच्या बातम्यांची मजा मात्र मी पोटभर घेतली. टीव्ही पुन्हा आगाशांच्या घरी गेला. दौलतशेठ तिथेच मसालेभात खायला थांबले, म्हणजे फलकही तसाच, कारण पाहुणे बिल्डिंगमध्ये असताना काढतात का? खाली मुंग्या. हाक आली, "मालन!" तिच्या दाराला कुलूप. आगाशांनी उत्तमला वर जायला सांगितलं. उत्तम म्हणाला, "मला नाही जमत ते, तीच करते." पहिल्यांदा तो खरं बोलला. उपाध्यक्षांची कंबर धरली. शेवटी सेक्रेटरी श्रीपाद आगाशे, रेशमी झब्बा घालून, धापा टाकत माझ्यापाशी आले. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा हात लावला. हात मऊ होते.

"आलं का?" ते ओरडले.

"आलं, आलं. अहो, हलू नका," रमाबाई खालून म्हणाल्या.

"मी येऊ का खाली?"

"येऊ नका, जातंय."

वारा होताच. फलक त्यांच्या तोंडावर फडाफडा आपटत होता, लाल अक्षरांसकट. खालून 'वा' आणि 'आहाहा' ऐकू आलं. "काय झालं?" आगाशांनी विचारलं. जिन्यातून उत्तर आलं, "धरून ठेवा, सांगतो नंतर."

मित्रांनो, चित्र माझ्यातून गेलं आणि आगाशांच्या हाताखालून गेलं. दोघांनाही काही दिसलं नाही. माझं सोडा, माझ्याकडे पडदाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तमला फलक सोडायला वर पाठवलं होतं. मालन धुणं घेऊन आली. दोघं रात्रीपासून बोलले नव्हते हे दिसतच होतं. तो बराच वेळ गाठीशी झटापट करत राहिला. मग पाठमोराच म्हणाला, "दिसलं का मग टीचरकडे?"

"दिसलं."

"आम्हाला कलरमध्ये दिसलं."

"असेल."

"आरसा दिसला तुला?"

"आरसा कसा दिसेल? तो आत होता."

"मग काय बघितलंस एवढं?"

मालनने चादर झटकली, दोरीवर टाकली, दोन्ही कडा सारख्या केल्या. "जाताना बघितला," ती म्हणाली. "धड गेला."

उत्तमने शेवटची गाठ ओढून सोडवली. तो फलकाची गुंडाळी करून निघून गेला. मालनने मग माझा क्लॅम्प आवळला, घट्ट. कोणी सांगितलं नव्हतं.

उन्हाळा संपता संपता बातमी आली की तो आरसा घासण्यातच चूक झालीय, केसापेक्षाही कमी, पण झालीय. चित्रं धूसर येतात. खगोल मंडळात त्या दिवशी आनंदीआनंद होता. आगाशे टाळी देऊन म्हणाले, "एवढा खर्च आणि आरसा वाकडा." ज्यांना मिळून एक पाइप सरळ धरता आला नाही ती माणसं केसाएवढ्या चुकीला हसत होती. मालन लुर्दसबाईंपाशी एवढंच म्हणाली, "ज्यांनी घासला त्यांना जेवण गेलं नसेल." पुढे काही वर्षांनी माणसं वर गेली आणि त्या दुर्बिणीला चष्म्यासारखं काहीतरी लावून आली, तेव्हा मालन गच्चीवर एकटीच हसली. तेव्हा मंडळ बंद पडलं होतं. शिक्का उरला होता.

माझंही संपत आलं होतं. केबल आली. एका पोराने गच्चीवरून काळी वायर ओढली आणि सगळी घरं तिला लटकली. माझ्याकडे कोणी बघेना. दांड्या गळल्या. त्यातल्या एकीने रमाबाई मांजर हाकलायच्या. शेवटी सोसायटीने रंगकाम काढलं तेव्हा मला उपटून टाकीमागे टाकलं. मी अजून तिथेच आहे. कावळेही येत नाहीत, त्यांना उभं काहीतरी लागतं.

आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी मागायची पद्धत आहे. मला रंग नको, तेल नको, माझी काळजी घेऊ नका, मी भंगार आहे. पण तुम्हाला जे स्वच्छ दिसतंय ते कोणीतरी मागे पाइप धरून उभं आहे म्हणून दिसतंय. घरात असेल, शाळेत असेल, कुठेही असेल. एकदा उठा. त्याला तुमच्या खुर्चीवर बसवा आणि तेवढा वेळ तुम्ही धरा. दंड भरून येतात, मान आखडते, आणि समोर नुसती लोकांची खूश तोंडं दिसतात. कसं वाटतं ते बघा.

तुम्ही उठणार नाही, मी तुम्हाला ओळखून आहे. पण मग निदान त्याने पाइप सोडला तर ओरडू तरी नका.